आणखी वाव होता!

मराठी माणसाच्या तोंडात स्तुती फार वेळ एकटी राहू शकत नाही. ती बाहेर पडली की तिचा पदर धरून एक ‘पण’ बाहेर पडतो. ‘मुलगा हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही.’ ‘गळा गोड आहे, पण रियाज कमी पडतो.’ ‘श्रीखंड छान झालंय, पण चक्का आणखी तासभर टांगायला हवा होता.’ या सगळ्या ‘पणां’चा मूळपुरुष म्हणजे ‘वाव’. प्रगतिपुस्तकात काय लिहावं हे शाळेतल्या बाईंना सुचेनासं झालं की त्या ‘प्रगतीस वाव आहे’ असं लिहितात. हे वाक्य मोठं सोयीचं आहे. ते पहिल्या आलेल्या मुलाला लागू पडतं, नापास झालेल्यालाही लागू पडतं आणि दोघांच्या आईबापांनाही लागू पडतं. फक्त आईबापांसाठी प्रगतिपुस्तक छापायची पद्धत नाही.

हा ‘वाव’ एकदा आमच्या सोसायटीत एका सिनेमाच्या वाट्याला आला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात एक भुंगा शिरला आहे. एखाद्या गोष्टीत जेवढं होतं तेवढं तिने दिलं की नाही, हे ठरवायचं कोणी? आणि कशावरून? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे याची मला जाणीव आहे. मी बी.कॉम. आहे याचीही आहे. पण खात्यात शिल्लक किती आहे आणि ती किती असायला हवी होती असं खातेदाराला वाटतं, यांतला फरक जो माणूस बँकेच्या काउंटरमागे बसून रोज समजावून सांगतो, त्याला या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार असावा.

सिनेमा होता ‘रामायणा : द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा’. भारतीय आणि जपानी कलावंतांनी मिळून हातांनी चितारलेलं रामायण. केबल टीव्हीच्या जमान्यात कार्टून नेटवर्कवर हा सिनेमा लागला की ज्या मुलांना एरवी जेवायला चार हाका माराव्या लागत, ती ताट घेऊन टीव्हीपुढे बसायची आणि कुंभकर्ण जागा होईपर्यंत ताटातली भाजी वाळून जायची. ती मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत. २०२५ च्या २४ जानेवारीला हा सिनेमा नव्या झळाळीसह पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा आम्ही चार बिऱ्हाडं मिळून पाहायला गेलो. आत सगळे गुंगून गेले होते. जटायू पडला तेव्हा आमच्या रांगेत तीन रुमाल निघाले. पण परत आल्यावर पार्किंगमध्ये स्कूटर लावता लावता चार बिऱ्हाडांचे चार ‘पण’ निघाले.

तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, ‘‘चांगला आहे, पण डोळे जपानी वाटतात. आपला राम असा नाही.’’ आपल्या रामाला त्यांनी नेमकं कुठे पाहिलं होतं हे विचारायचं धैर्य कोणाला झालं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले, ‘‘आजचा कॉम्प्युटर तेव्हा असता तर काय झालं असतं!’’ तिसरे गृहस्थ म्हणाले, ‘‘एवढं मोठं रामायण, सव्वादोन तासांत उरकलं.’’ आमची ही सगळ्यांत शेवटी बोलली. ती म्हणाली, ‘‘बाकी ठीक आहे हो, पण सीतेला आणखी वाव द्यायला हवा होता.’’

पहिल्या तीन ‘पणां’ना उत्तर देता येतं. चौथा ‘पण’ घरचा आहे, तेव्हा त्याच्याकडे मागाहून आणि जपून येतो.

या खटल्यात आम्ही नाशिककर तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. सिनेमातला महत्त्वाचा भाग घडतो तो आमच्या पंचवटीत. शूर्पणखेचं नाक कापलं गेलं ते आमच्याकडे, आणि त्यावरून गावाला नाव पडलं असं आम्ही मानतो. नऊ टेकड्यांवरून नाशिक असंही एक मत आहे, पण ज्याला अशी गोष्ट सांगायला मिळते तो टेकड्या मोजत बसेल कशाला? कापलेल्या नाकावरून नाव पडूनही ज्याचं नाक वर आहे असं गाव दुसरं नसेल. जटायूची जागासुद्धा आमच्याच जिल्ह्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला दाखवतात. त्यामुळे पडद्यावर पंचवटी दिसली की आमच्यातला प्रत्येक जण पुढे सरसावून ‘हे आमच्या सीतागुंफेच्या अलीकडे’ असं शेजाऱ्याला सांगू लागतो. पडद्यावरच्या घनदाट अरण्यात आणि आजच्या पंचवटीतल्या रिक्षांच्या गर्दीत काही साम्य उरलेलं नाही ही गोष्ट वेगळी. काळाराम मंदिराजवळचे पाच वड मात्र अजून आहेत, आणि त्यांना नंबर दिलेले आहेत. वनवासाचीसुद्धा नोंद ठेवणारं गाव आहे आमचं.

दुसरा संबंध त्याहून जवळचा. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७० साली, आणि गेले नाशिकला, १९४४ साली. ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना ठाऊक असतो. पण १९१५ साली याच गृहस्थांनी आगकाड्या हलवून हलवून, एकेका हालचालीचं चित्र घेऊन, ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा चित्रपट केला होता. पडद्यावर निर्जीव काड्या नाचल्या. पुढे १९१७ साली त्यांनी ‘लंकादहन’ काढला, त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच माणसाने केल्या. म्हणजे निर्जीवात जीव घालणं आणि रामायण पडद्यावर आणणं हे दोन्ही उद्योग एकाच नाशिककराच्या घरचे. हे दोन उद्योग एकत्र करायला मात्र पंच्याहत्तर वर्षं लागली, आणि ती सुचली जपानी माणसाला. याला म्हणतात वाव!

त्या जपानी माणसाचं नाव युगो साको. १९८३ साली ते अलाहाबादजवळ डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला आले आणि तिथे रामायणात अडकले. मायदेशी परतून त्यांनी जपानी भाषेतली दहा रामायणं वाचली. (आमच्या सोसायटीत दहा जणांनी मिळून एक वाचलेलं नाही, तरी डोळ्यांबद्दलचं मत सर्वांजवळ आहे.) साकोंच्या मनाने घेतलं की राम हा देव आहे, तेव्हा तो नटाने वठवण्यापेक्षा चित्राने वठवलेला बरा. इकडे त्यांच्या माहितीपटाच्या बातमीवरून गैरसमज झाला आणि परकीयांनी रामायणाला हात लावू नये अशा अर्थाचं विश्व हिंदू परिषदेचं पत्र दिल्लीच्या जपानी वकिलातीत पोचलं. पुढे तो गैरसमज निवळला, तर सरकारला वाटलं की विषय नाजूक आहे, त्याचं कार्टून नको. अयोध्येच्या वादाचे दिवस होते. शेवटी सिनेमा मुख्यतः जपानमध्ये तयार झाला.

तयार कोणी केला? साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन या तीन दिग्दर्शकांनी. १९५६ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टूनचा विभाग काढला आणि क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेचे कलावंत शिकवायला आले. त्यांच्याकडे पहिल्या काही जणांत जे शिकले ते हे राम मोहन. हाताखाली साडेचारशे कलावंत. संगीत वनराज भाटियांचं. संस्कृत गीतं वसंत देवांची, ज्यांनी मराठी नाटकं हिंदीत नेली. हिंदीत रामाचा आवाज अरुण गोविलांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा. भारतीय चित्रकारांनी जपान्यांना धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात, मोठ्यांच्या पाया कशा पडतात हे शिकवलं. आता विचार करा. धोतर नेसलेल्या माणसाची प्रत्येक पावलाला बदलणारी निरी, आयुष्यात धोतर न नेसलेल्या माणसाने काढायची, आणि ती सुटता कामा नये. आमच्याकडे मुंजीत धोतर नेसलेल्या माणसांनाही हे तासभर साधत नाही.

इतकं करून सिनेमा आला कधी, तर जानेवारी १९९३ मध्ये, दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. आदल्याच महिन्यात बाबरी मशीद पाडली गेली होती. देश पेटलेला, मुंबईत दंगल चाललेली. रामाचं नाव घेतलं की ते कोणत्या सुरात घेतलं याकडे लोक आधी पाहत होते. त्या दिवसांत एक निळा, सौम्य, युद्धाला नाइलाजाने उभा राहणारा राम पडद्यावर आला आणि त्याला आपल्या चित्रपटगृहांत नीट उतरायला जागा मिळाली नाही. चौदा वर्षांचा वनवास ही निदान ठरलेली मुदत होती. या सिनेमाला मोठ्या पडद्यासाठी बत्तीस वर्षं थांबावं लागलं, आणि तेसुद्धा कोणत्या कैकेयीने मागितलं होतं याचा पत्ता नाही.

आता मला सांगा, ‘सिनेमा आपल्या योग्यतेला पोचला नाही’ असं म्हणायचं झालं, तर ही रक्कम कोणाच्या नावे टाकायची?

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. व्यापाऱ्याला कर्जाची मर्यादा मंजूर होते, समजा दहा लाख. त्याने सहाच लाख उचलले तर चार लाख शिल्लक राहतात, पण म्हणून कोणी त्याला ‘तू चार लाखांनी कमी पडलास’ असं म्हणत नाही. उलट दहा लाख मंजूर करताना त्याचा अर्ज लागतो, सही लागते, जामीनदार लागतो. क्षमतेच्या बाबतीत यांतलं काहीच लागत नाही. आपण परस्पर दुसऱ्याच्या नावे दहा लाखांची हुशारी मंजूर करतो, त्याची सहीसुद्धा घेत नाही, आणि सहा लाखांचं काम झालं की उरलेल्या चार लाखांची नोटीस पाठवतो. वर व्याज! जगातलं सगळ्यांत मोठं थकीत कर्ज कुठल्या बँकेत नसून ‘याने मनात आणलं असतं तर’ या एका वाक्यात आहे.

इंजिनिअरसाहेबांचा कॉम्प्युटर घ्या. लाखभर चित्रं माणसांनी हातांनी काढली, म्हणून तर त्या गोदावरीच्या पाण्याला हाताची थरथर आहे. तिसऱ्या गृहस्थांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. वाल्मीकींचे श्लोक चोवीस हजार, सिनेमा एकशे पस्तीस मिनिटांचा. मिनिटाला सुमारे एकशे अठ्ठ्याहत्तर श्लोक. इतक्या वेगाने तर आमची नोटा मोजायची मशीनच चालते. आपण मराठी माणसं मुळात रामायण सावकाश घेणारी. गदिमा आणि बाबूजींनी १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी दिली आणि आपण वर्षभर रेडिओपुढे बसलो. त्या सवयीच्या माणसाला सव्वादोन तास हा झटका वाटणारच. पण एका बैठकीला बसणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला तो पुरतो. आणि हा सिनेमा त्याच्यासाठी आहे. मास्तरांसाठी नव्हे.

राहिला चौथा ‘पण’. सीतेचा. इथे मात्र मला विनोद सुचत नाही, आणि सुचला तरी तो घरी चालणार नाही.

हिचं म्हणणं खरं आहे. सिनेमा संपतो तो राम-सीता भेटून अयोध्येला परततात तिथे. अग्निपरीक्षा त्यात नाही, नंतरचा त्याग नाही, लव-कुश नाहीत. पोरांना घेऊन बसलेल्या आईबापांना त्यामुळे हायसं वाटतं, कारण ‘मग रामाने असं का केलं?’ या प्रश्नाचं उत्तर स्कूटरवर देता येत नाही. पण सीतागुंफेत वाकून शिरणाऱ्या बाईला माहीत असतं की गोष्ट तिथे संपत नाही. जात्यावर बसून सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांनाही माहीत होतं. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं मंदिर आहे. तिथे सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. म्हणजे जे कोणी गाळलं ते कोणीतरी कुठेतरी उचलून घेतलं. गाळणाऱ्याला दोष द्यायचा तर द्या. पण एकाच सिनेमाने अख्खी सीता फेडावी अशी अपेक्षा करायची तर आधी वाल्मीकींपासून वसुली सुरू करावी लागेल.

आणि इथेच मला आमच्या गोदावरीकाठचीच, पण पैठणची एक गोष्ट आठवते. नाथांनी ‘भावार्थरामायण’ लिहायला घेतलं आणि ते पुरं झालं नाही. युद्धकांडात ते थांबलं आणि १५९९ साली नाथ गेले. आता म्हणा की नाथांना आणखी वाव होता! कोणाची हिंमत आहे? ते पुढे पुरं केलं गावबाने. परंपरेतली कथा अशी की हा गावबा म्हणजे नाथांच्या घरी राहणारा, पुरणपोळीवर जीव टाकणारा पोरगा. सगळे त्याला अर्धवट समजत. प्रगतिपुस्तक असतं तर बाईंनी ‘प्रगतीस वाव आहे’ एवढंसुद्धा लिहिलं नसतं, नुसती तारीख टाकून सही केली असती. पण नाथांनी सांगितलं की पुढचं हा लिहील. आणि त्याने लिहिलं.

या गोष्टीवर मी बरेच दिवस विचार केला आहे. चेकवर शिक्के मारताना विचार करायला पुष्कळ सवड मिळते. मला वाटतं, नाथांजवळ एक गोष्ट होती जी आमच्या पार्किंगमध्ये नव्हती. अपुऱ्या राहिलेल्या पोथीकडे आपण बघतो तेव्हा आपल्याला कमतरता दिसते, नाथांना तिथे जागा दिसली. ‘वाव’ या शब्दाचा मुळातला अर्थ तरी काय? मोकळी जागा. एस.टी.त कोणी सरकून बसलं की होते ती. ती जागा रिकामी आहे हा आधी बसलेल्या माणसाचा गुन्हा नव्हे. ती पुढे चढणाऱ्यासाठी असते.

त्यामुळे माझं म्हणणं फक्त क्रियापदाबद्दल आहे. ‘वाव होता’ म्हटलं की ती फिर्याद होते, आणि आरोपी बहुधा हजर नसतो. साको २०१२ साली गेले, राम मोहन २०१९ साली. ‘वाव आहे’ म्हटलं की तेच आमंत्रण होतं. प्रगतिपुस्तकातल्या बाईंचं क्रियापद बरोबर होतं, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. ते घरी आणून भूतकाळी करतो ते आपण. मूल दहा वर्षांचं होत नाही तोच आपण ‘हा काय झाला असता’ असं त्याच्यासमोर बोलू लागतो, जणू ते आपल्या आयुष्याच्या श्राद्धालाच जेवायला बसलं आहे.

सिनेमा आपल्या योग्यतेला पोचला का, या प्रश्नाला माझं उत्तर असं की त्याने आपला हप्ता वेळेवर भरला. थकलो ते आपण. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षं कोणी फिरकलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण रक्कम बुडत नाही. वारस कागद घेऊन आला की व्याजासकट परत मिळते, मात्र वारसाने यावं लागतं. २०२५ सालच्याच जुलैत ‘महावतार नरसिंह’ हा आपल्याकडे तयार झालेला ॲनिमेशनपट लागला आणि त्याला मोठ्यांनीसुद्धा गर्दी केली. तेव्हा वारस काउंटरवर येऊ लागले आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

आमच्या धाकटीने त्या रात्री पार्किंगमधल्या चर्चेत भाग घेतला नव्हता. ती वर जाऊन माझ्या जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर जटायू काढत बसली होती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तो पाहिला आणि त्यांच्या तोंडून सवयीने, ‘‘छान आहे, पण पंख...’’ एवढं निघालं. मी त्यांना घाईघाईने चहा विचारला. पंख लहान आहेत हे मलाही दिसत होतं. एक पंख रावणाने तोडला आहे आणि दुसरा अजून काढायचा आहे, असं धाकटीचं म्हणणं आहे. पानावर जागाही ठेवली आहे तिने.